एका कणाचा दिवा

दिव्याचा इतिहास म्हणजे मनुष्याच्या वाढत्या हावेचा इतिहास होय, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. देव्हाऱ्यातल्या निरांजनाने भागेना म्हणून समई आली. समईने ओटी उजळेना म्हणून कंदील आला. कंदिलाच्या काचेवर काजळी धरू लागली तेव्हा गॅसबत्ती आली. आणि तिची फुरफुर ऐकून कान किटले तेव्हा विजेचा गोळा आला. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीहून अधिक उजेड मागितला आणि प्रत्येक कारागिराने तो पुरविला. लग्नमंडपात दिवे किती लावले हे जसे कोणी मोजत नाही, तसा उजेड किती हवा याचाही हिशेब कोणी ठेवला नाही. मागणीच्या या दीर्घ परंपरेत गेल्या काही दशकांत मात्र एक विलक्षण कारागीर निर्माण झाला आहे. त्याला अधिक उजेड नको आहे. त्याला प्रकाशाचा एकच कण हवा आहे. तो सांगितल्या क्षणी हवा आहे. दोन नकोत आणि शून्यही नको. एवढ्या अल्प मागणीसाठी त्याने आणि त्याच्यासारख्या शेकडो जणांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली आहेत. ज्याला इतके थोडे हवे असते त्याला ते मिळविण्यासाठी इतके कष्ट का पडावेत, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

प्रकाश हा अखंड ओघ नसून तो कणाकणांनी येतो, ही कल्पना १९०० मध्ये प्लांक यांच्या गणितात डोकावली आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ती धिटाईने मांडली. पुढे या कणास फोटॉन हे नाव मिळाले. हे कण किती असंख्य असतात याची कल्पना येण्यासाठी, व्याख्याते फळ्याकडे रोखतात तो लाल लेसरचा चिमुकला दिवा घ्यावा. त्याची शक्ती एक सहस्रांश वॅट धरली तरी त्यातून दर सेकंदास सुमारे तीनावर पंधरा शून्ये इतके फोटॉन बाहेर पडतात. या लोंढ्यातून एकच कण वेगळा काढावयाचा म्हणजे पुराच्या गोदावरीतून नेमका एक थेंब पळीत घेण्यासारखे आहे.

मग दिवा मंद करीत जावा म्हणजे झाले, असे सहजच वाटते. परंतु येथेच फसगत होते. प्रकाशाचे वागणे वळवाच्या पहिल्या थेंबांसारखे आहे. अंगणात शंभर फरश्या आहेत आणि पहिल्या शिडकाव्यात शंभर थेंब पडले, तर प्रत्येक फरशीच्या वाट्यास एकेक थेंब येतो काय? मुळीच नाही. गणित सांगते की सुमारे ३७ फरश्या कोरड्या राहतील, ३७ फरश्यांवर एकेक थेंब पडेल आणि उरलेल्या २६ फरश्यांवर दोन किंवा अधिक पडतील. लेसर हे मोठ्या शिस्तीचे यंत्र खरे. तथापि त्याच्या स्पंदांतील फोटॉनांची वाटणी याच नियमाने होते. दिवा इतका मंद केला की सरासरीने दहा स्पंदांत एक फोटॉन यावा, तर शंभरांतले नव्वद स्पंद रिकामे जातात. आणि तरीही सुमारे दोनशे स्पंदांत एखाद्यात दोन कण येतातच. मंदपणा म्हणजे मोजमाप नव्हे. दान कमी केल्याने दाता नेमका होत नाही.

पण दोन कण आले तर बिघडते कोठे? याचे उत्तर गुप्त संकेतांच्या शास्त्रात आहे. १९८४ मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड यांनी संकेताची किल्ली एकेका फोटॉनाच्या ध्रुवणातून पाठविण्याची रीत सुचविली. अज्ञात अवस्थेतील कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हा सिद्धान्त १९८२ मध्ये मांडला गेला होता. त्यामुळे वाटेत कोणी किल्ली चोरून पाहिलीच तर त्याच्या हाताळणीची खूण मागे राहते. परंतु एका कणाच्या जागी दोन सारखे कण निघाले, तर चोर एक आपल्यापाशी ठेवतो, दुसरा जाऊ देतो आणि धन्याला पत्ताही लागत नाही. दोन प्रतींत पाठविलेली चिठ्ठी गुप्त राहत नसते, हे जुन्या जासुदांनाही ठाऊक असावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००३ ते २००५ या काळात काही संशोधकांनी एक चतुर युक्ती शोधली. लेसरच्या मंद स्पंदांची तीव्रता मधूनमधून बदलत ठेवली, तर पलीकडे पोहोचलेल्या कणांच्या हिशेबावरून चोरीचा सुगावा लागतो. त्यामुळे किल्ल्या पाठविण्याचे बरेचसे काम आज साध्या मंद लेसरनेच होते. म्हणजे एका कणाच्या दिव्याचे पहिले गिऱ्हाईक स्वस्त मालावर समाधान मानून निघून गेले! परंतु दुसरे गिऱ्हाईक दारात उभेच होते. २००१ मध्ये निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी सिद्ध केले की एकेक फोटॉन देणारे उगम, अर्धपारदर्शक आरसे आणि फोटॉन टिपणारे संवेदक एवढ्या सामग्रीवर पुंजसिद्धान्ताने चालणारे गणकयंत्र उभारता येईल. या गिऱ्हाइकास नकली माल चालत नाही. त्याला एक म्हणजे एकच हवा, आणि प्रत्येक कण दुसऱ्यासारखा हवा.

निसर्गात एकेक फोटॉन देणारा दिवा पूर्वीपासून आहे. तो म्हणजे अणू. उत्तेजित अणू एका वेळी एकच फोटॉन टाकतो आणि पुन्हा उत्तेजित होईपर्यंत त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सोडियमच्या अणूंवर ही गोष्ट प्रत्यक्ष पाहण्यात आली. परंतु एकटा अणू पकडून एका जागी स्थिर ठेवणे हे भलतेच जिकिरीचे काम. तेव्हा कारागिरांच्या मनात आले की अणूच आपल्या हातांनी घडविला तर? तो घन स्फटिकात कायमचा रोवून ठेवला तर? या विचारातून पुंज-बिंदूचा हा दिवा साकारला.

पुंज-बिंदू म्हणजे एका अर्धसंवाहक पदार्थाच्या पोटात दडविलेला दुसऱ्या अर्धसंवाहकाचा अतिसूक्ष्म कण. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचे असे कण रुजवितात. एकेका कणाची रुंदी सुमारे वीस नॅनोमीटर, उंची त्याहूनही कमी. मनुष्याच्या एका केसाच्या जाडीत असे तीन-चार हजार कण शेजारी शेजारी मावतील. इतक्या अरुंद जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनास वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. त्याला ठरावीक पायऱ्यांवरच उभे राहावे लागते. कणात हजारो अणू असले तरी सगळे मिळून वागतात ते एका अणूसारखे, आणि म्हणून त्याला कृत्रिम अणू असेही म्हणतात. लेसरच्या एका स्पंदाने त्यात इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढविला की खाली त्याची रिकामी जागा राहते. सुमारे एक अब्जांश सेकंदात इलेक्ट्रॉन आपल्या जागी परततो आणि त्या परतीचा एक फोटॉन बाहेर पडतो. दोन जोड्या एकदम कोंडल्या गेल्या तर त्यांच्या परस्पर ओढाताणीमुळे पहिल्या फोटॉनाचा रंग किंचित निराळा होतो आणि तो गाळून टाकता येतो. मात्र हे सारे घडावयाचे तर स्फटिक शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवावा लागतो. एरवी स्फटिकाची स्वतःची थरथर त्या नाजूक पायऱ्या पुसून टाकते.

असा कण घडवितात कसा, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. पोलादाच्या एका बंद कोठीत, जिथे हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक लक्ष कोटीव्या हिश्श्याहून कमी असतो, स्फटिकाची चकती तापवून ठेवतात. भोवतालच्या मुशींतून गॅलियम, इंडियम आणि आर्सेनिक यांच्या वाफेचे झोत तिच्यावर सोडतात. सेकंदाला अणूंचा जेमतेम एक थर बसेल इतक्या धिम्या गतीने हे लिंपण चालते. आता इंडियम आर्सेनाइडच्या स्फटिकातील अणूंची आपसांतील अंतरे गॅलियम आर्सेनाइडपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी मोठी असतात. खोलीपेक्षा मोठे जाजम खोलीत अंथरले तर काय होते? थोडा वेळ ते दाबून बसते, आणि मग कोठेतरी फुगवटे धरते. येथेही तसेच. जेमतेम दीड-पावणेदोन थर होईपर्यंत नवा पदार्थ सपाट राहतो. नंतर अंगावरचा ताण त्याला असह्य होतो आणि तो आपोआप चिमुकल्या टेकड्यांत गोळा होतो. प्रत्येक टेकडी हा एक पुंज-बिंदू. वर पुन्हा गॅलियम आर्सेनाइडचे पांघरूण घातले की झाला दिवा तयार.

थर आधी सपाट आणि मग टेकड्यांचा, या वाढीच्या रीतीस स्ट्रान्स्की आणि क्रस्तानोव्ह या दोघा बल्गेरियन शास्त्रज्ञांची नावे दिली आहेत. त्यांनी १९३० नंतरच्या दशकात निराळ्याच स्फटिकांचे गणित मांडताना ही कल्पना दिली होती. तिच्यातून कधी दिवे निघतील हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. १९८५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी इंडियम आर्सेनाइडच्या अशा टेकड्यांचे आणि त्यांतून निघणाऱ्या प्रकाशाचे वर्णन केले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या काळी स्फटिक वाढविणाऱ्यांचे सारे कसब थर आरशासारखा सपाट ठेवण्यात होते. लेसर करावयाचे तर सपाट थर हवेत. टेकड्या आल्या की चकती बिघडली. ज्याला एका पिढीने दोष म्हणून टाकले तेच पुढच्या पिढीने बी म्हणून जपले. विज्ञानात हे अनेकदा घडते. संसारातही घडत असावे.

परंतु आपोआप उगवणाऱ्या गोष्टीवर धन्याचा ताबा चालत नाही. चकतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर कोट्यवधी बिंदू उगवतात. ते कोठे उगवतील हे सांगता येत नाही आणि त्यांतले दोन तंतोतंत सारखे निघत नाहीत. एक थोडा उंच, एक थोडा लांबट. त्यामुळे प्रत्येकाचा रंग किंचित निराळा. शिवाय शेजारी एखादा भटका विद्युत्‌भार येऊन बसला की बिंदूचा रंग डळमळतो. उत्तम बिंदूसाठी केवळ उत्तम बिंदू पुरत नाही. शेजारही शांत लागतो. म्हणून या कामातला बराचसा काळ बिंदू घडविण्यात जात नाही, तो बिंदू निवडण्यात आणि त्याचा परिसर निवविण्यात जातो. त्यातच निर्वात कोठी दुरुस्तीसाठी कधी उघडावी लागली, तर ती दिवसचे दिवस भाजून, पुन्हा निर्मळ करून, पूर्वीच्या दर्जाचा स्फटिक मिळेपर्यंत आठवडे उलटतात.

आता बिंदू निवडला आणि तो फोटॉन देऊ लागला. पण दिलेले दान स्फटिकाच्या बाहेर येईल तर ना! गॅलियम आर्सेनाइड प्रकाशाला इतके जोराने वाकविते की पृष्ठभागाशी काटकोनापासून सुमारे सतरा अंशांच्या आत येणारा किरणच बाहेर निसटतो. बाकीचे पूर्ण परावर्तन होऊन आत परततात. परिणामी साध्या चकतीच्या वरच्या अंगाने शंभरांतले दोनच फोटॉन हाती लागतात. कोठारात धान्य आहे आणि दाराला एवढेसे भोक, अशी ही स्थिती.

यावरचा उपाय एका जुन्या निरीक्षणात दडला होता. एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले होते की उत्तेजित कण किती लवकर विसर्जन करील हे केवळ त्याच्या स्वभावावर अवलंबून नसते. त्याच्या भोवतीच्या घरावरही असते. अनुरूप पोकळीत ठेवला तर तो लवकर आणि पोकळीला मानवेल त्या दिशेने फोटॉन देतो. म्हणून बिंदूच्या खाली आणि वर स्फटिकाच्याच थरांचे आरसे रचून, मधला भाग कोरून, काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा खांब उभा करितात. बिंदू बरोबर खांबाच्या मध्यावर हवा. तो तर आपल्या मर्जीने उगवलेला! तेव्हा आधी बिंदू शोधावयाचा आणि मग त्याच्या भोवती देऊळ बांधावयाचे, अशी उलटी रीत फ्रान्समध्ये पास्काल सेनेलार यांच्या गटाने २००८ मध्ये सिद्ध केली. स्वयंभू लिंगाभोवती गाभारा बांधावा, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

दिवा एकच कण देतो याची खात्री कशी करावी? डोळ्यांनी नव्हेच. खात्रीची रीत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांचा जन्म १९१६ मध्ये भारतातील नीलगिरीच्या डोंगरांत अरुवनकाडू येथे झाला होता, हे जाणून अनेकांस कौतुक वाटेल. त्यांनी आणि रिचर्ड ट्विस यांनी १९५६ मध्ये प्रकाशाची शलाका अर्धपारदर्शक आरशाने दुभागून दोन संवेदकांकडे पाठविली आणि दोहोंचे ठोके एकमेकांशी ताडून पाहिले. ते त्या काळी ताऱ्यांचे व्यास मोजण्याच्या खटपटीत होते. हीच रीत येथे लागू पडते. कण एकच असेल तर तो एकाच वाटेने जाईल आणि दोन्ही संवेदक एकाच क्षणी कधीही वाजणार नाहीत. या कसोटीस उतरलेले पुंज-बिंदू २००० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथून जाहीर झाले. पाठोपाठ २००२ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथे तोशिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि विद्यापीठात मिळून, विजेच्या प्रवाहाने एकेक फोटॉन देणारा दिवाही तयार झाला.

एकपणा सिद्ध झाला. तरी सारखेपणा राहिलाच. येथे भारतीय वाचकास अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला लेख आइन्स्टाइन यांस पाठविला आणि आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून छापविला. फोटॉन मोजताना त्यांना हा पहिला, हा दुसरा अशी निरनिराळी ओळख देऊ नये, हे त्या लेखातील गणिताचे मर्म होते. वारीत निघालेल्या माणसाचे नाव-गाव गळून पडते आणि जो तो दुसऱ्यास माउली म्हणतो, तसेच हे. १९८७ मध्ये रॉचेस्टर येथे हाँग, ऊ आणि मँडेल यांनी या सारखेपणाची कसोटी प्रयोगात आणली. अर्धपारदर्शक आरशाच्या दोन अंगांनी दोन फोटॉन एकाच क्षणी आले आणि ते खरोखर अभिन्न असले, तर दोघेही हटकून एकाच वाटेने बाहेर पडतात. त्यांत रंगाचा किंवा वेळेचा तिळमात्र फरक असला की सोबत सुटू लागते. २००२ मध्ये स्टॅनफर्ड येथे पुंज-बिंदूच्या फोटॉनांवर ही कसोटी घेण्यात आली, आणि २०१६ मध्ये पॅरिसजवळील व चीनमधील गटांनी ती जवळजवळ पूर्णतेने पार केली. २००६ मध्ये तर केंब्रिज येथे आणि इस्रायलमधील हैफा येथे, एकाच बिंदूतून लागोपाठ निघणाऱ्या दोन फोटॉनांचे भाग्य एकमेकांत गुंतविण्यातही यश आले होते.

तथापि गिऱ्हाइकाची शेवटची अट सर्वांत कठोर आहे. २००८ मध्ये गणित करून दाखविण्यात आले की अशा गणकयंत्रास फोटॉनांची गळती सोसेल, परंतु उगमाची आणि संवेदकाची कार्यक्षमता यांचा गुणाकार दोन तृतीयांशांहून अधिक असेल तरच. दोन टक्क्यांपासून निघालेल्या कारागिरास ६७ टक्क्यांच्या शिखराकडे पाहावयाचे होते. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ५७ टक्के गाठले गेले. २०२३ मध्ये चीनमधील हेफेई येथील गटाने सुमारे ७१ टक्के जाहीर केले. शिखरावर पाऊल पडले आहे. मात्र एका प्रयोगशाळेत एका बिंदूने जे केले ते हजारो बिंदूंनी एकत्र, एका सुरात करावयाचे आहे, आणि हजारांत दोन सारखे नसतात हे आधी सांगितलेच आहे. त्यातच या बिंदूंचा रंग साधारणतः ९०० नॅनोमीटरच्या पुढचा. दूरवर संदेश नेणाऱ्या काचतंतूस तो मानवत नाही; त्याला १५५० नॅनोमीटरचा प्रकाश रुचतो, आणि तोही ५० किलोमीटरांच्या प्रवासात दहांतला एकच उरतो. त्यासाठी निराळ्या पायाभूत स्फटिकावर निराळे बिंदू वाढवावे लागतात.

या साऱ्या आकड्यांमागे माणसे आहेत, हे विसरून चालणार नाही. शेफील्ड, केंब्रिज, पॅरिस, बाझेल, जेथे जेथे हे काम चालते तेथे परदेशातून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांची तरुण वर्षे त्यात खर्ची पडतात. त्यांत भारतीय घरांतली मुले-मुलीही असतात. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत भेटलेली एखादी काकू अशा मुलास मायेने विचारते, "अरे, चार वर्षे झाली, पेटला की नाही तुझा दिवा?" आणि तो हसून म्हणतो, "पेटला, काकू. पण दिसत नाही." यात विनोद आहे तसे सत्यही आहे. बिंदूचा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पलीकडचा असतो. तो दिसला असता तरी एक कण कोणाच्या वाटेवर उजेड पाडणार? काकूंच्या प्रश्नामागे मात्र दुसरा, न विचारलेला प्रश्न असतो. घर सोडून, आई-वडिलांना दूर ठेवून, या मुलाने जे मिळविले ते कोणाच्या उपयोगाचे? डॉक्टर झालेल्या मुलाचे काम रोग्याच्या चेहऱ्यावर दिसते. पूल बांधणाऱ्याचे काम नदीवर दिसते. याचे काम कोठे दाखवावे?

या प्रश्नास उसने उत्तर देण्यात अर्थ नाही. हे गणकयंत्र उद्या घरोघर येईल असे सांगणे म्हणजे फसवणूक होईल. त्याहूनही कठीण गोष्ट अशी की ही शर्यत पुंज-बिंदूच जिंकतील याचीही हमी नाही. काही विशिष्ट स्फटिकांत एका फोटॉनाचे दोन होतात, आणि त्यांतला एक टिपला की दुसरा आल्याची वर्दी मिळते. त्या रीतीवर विसंबलेले गट जोरात आहेत. कोणी हिऱ्यातील दोषांवर काम करितात, तर कोणी पकडून ठेवलेल्या एकट्या अणूवर. ज्याने दहा वर्षे बिंदूंची निवड करण्यात घालविली त्याची वाट कदाचित शेवटी ओसाड पडेल. हे त्याला ठाऊक असते. ठाऊक असूनही तो सकाळी जाऊन नवी चकती थंड करावयास ठेवतो.

मग त्याच्या हाती काय राहते? याचे उत्तर या विद्येच्याच इतिहासात सापडते. स्ट्रान्स्की आणि क्रस्तानोव्ह यांनी दिव्यांसाठी गणित केले नव्हते. हॅनबरी ब्राउन ताऱ्यांकडे पाहत होते. पर्सेल यांच्यासमोर फोटॉनांचे दुकान नव्हते. आणि बोस यांनी तर केवळ एक नियम अधिक स्वच्छ रीतीने सिद्ध करावयास घेतला होता. यांपैकी एकाचेही काम वाया गेले नाही, कारण प्रत्येकाने आपल्या वाट्याची गोष्ट नेमकी करून ठेविली. ओबडधोबड केलेले काम त्याच्या काळाबरोबर संपते. नेमके केलेले काम अनोळखी माणसाच्या हाती पडले तरी उपयोगास येते. पवई येथील आयआयटीत याच जातीचे इंडियम आर्सेनाइडचे बिंदू वाढवून त्यांपासून अवरक्त किरण टिपणारे संवेदक केले गेले आहेत. एके ठिकाणी प्रकाश देणारा बिंदू दुसऱ्या ठिकाणी प्रकाश घेणारा झाला, तो अशा नेमकेपणामुळेच. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पुंजविद्येसाठी सुमारे ६,००३ कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना मंजूर केली आणि तिच्या चार केंद्रांपैकी एक पवईस दिले. परदेशातल्या प्रयोगशाळेत शिकलेला हात कधी काळी तेथे परतला, तर तो रिकामा जाणार नाही.

काकूंना द्यावयाचे उत्तर इतकेच आहे. मुलाने चार वर्षांत उजेड वाढविला नाही हे खरे. परंतु जगात पुरेसे ठोकताळे होते, पुरेसे अंदाज होते. नेमके एक म्हणता येईल अशी वस्तू मात्र फार थोडी होती. त्याने लाखो बिंदूंतून एक निवडला, त्याचा शेजार निवविला, त्याच्याभोवती गाभारा बांधला, आणि मागितले तेव्हा त्याने एकच कण दिला हे दोन संवेदकांच्या साक्षीने सिद्ध केले. हे सर्व त्याने वहीत तारीखवार लिहून ठेविले आहे. पुढच्या वर्षी येणारी मुलगी ती वही उघडील, आणि तिला पहिल्या पानापासून आरंभ करावा लागणार नाही.